वीस रुपये बाकी

गांजाखेत चौकात माझं दुकान, चार बाय सहा.
पोचे आलेली ट्रम्पेटं भिंतीला,
आणि वरच्या फळीवर, जुन्या पंचात गुंडाळलेली,
मोरेश्वर नारनवरेची क्लॅरिनेट.
अकरा वर्षं झाली.
गिऱ्हाईक विचारतं, विकायची काय?
मी म्हणतो, मालक यायचा आहे.

त्या दिवशी सकाळी आठलाच आला होता,
लाल कोटाची बटणं उघडी, डोळे तारवटलेले,
रात्री दिघोरीला वरात वाजवून.
"चावी गळून राह्यली नं, नानाजी.
वरचा धैवत फुसकन जाते.
खालून मींड घेऊन घेऊन निभावलं कसंतरी."
मी पावती फाडली :
गादी एक. वीस रुपये. बाकी.

अकरा वाजता त्याला उचललं.
कामठी रोडवर रात्री पावणेदहाला
एका सराफाच्या मुनिमाचा जीव गेला होता
आणि कुणीतरी लाल कोट पाहिला होता.

लाल कोट!
लग्नसराईत या शहरात तीनशे लाल कोट फिरतात,
कुणाच्याच मापाचे नसलेले.

लग्नाची सीडी कोर्टात लागली.
त्यात तो आहे, गाल फुगलेले, टोपी भुवयांवर,
पण शूटिंगवाल्यानं वरातीचा आवाज पुसून
सिनेमाचं गाणं चढवलेलं.
सरकारी वकील म्हणाले, हा कुणीही असू शकतो.
आवाजाशिवाय वाजवणारा
खरंच कुणीही असू शकतो.

मग मला पुकारलं.

आदल्या संध्याकाळी एक हवालदार
माझ्या पितळेच्या भंगारावर हात फिरवून गेला होता.
"याची बिलं असतीलच नं, नानाजी?"
एवढंच बोलला. चहाही घेतला नाही.
मी पिंजऱ्यात उभा राहिलो आणि म्हणालो,
वाद्य आलं होतं साहेब, तारीख आठवत नाही.
वही?
सापडत नाही.

वही गल्ल्याखाली होती.
अजूनही तिथेच आहे.

मोरेश्वरनं माझ्याकडे पाहिलं नाही.
कठड्यावर त्याची बोटं चालली होती,
आणि माझा धंदाच असा, की मला दिसलं
तो कोणते सूर दाबतोय.
धैवत आला की खालून जात होता.
वाद्य हातात नव्हतं, तरी गळती चुकवत होता.

जन्मठेप.

वच्छला दोन घरच्या पोळ्या लाटून
उरलेल्या वेळात शूटिंगवाल्याला शोधत राहिली.
तो वारला होता. त्याच्या बायकोकडे, हुडकेश्वरला,
बिस्किटांच्या डब्यात मूळ कॅसेट निघाली.
ताजणे वकीलबाईंनी ती माझ्याच दुकानात लावली.
कूलर बंद केला. मे महिना. घाम डोळ्यांत.
जनरेटरची घरघर, ढोल, कुणाची तरी शिट्टी,
आणि मग त्या गोंगाटातून, खालून वर चढत,
फुसकन.

पुन्हा लावा, मी म्हणालो.
पुन्हा.
वच्छला माझ्याकडे बघत होती, कॅसेटकडे नाही.

बाई म्हणाल्या, कोपऱ्यात नऊ बावन्न दिसतं,
पण कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर होतं कशावरून, असं विचारतील.
नानाजी, तुमची वही असती तर...

मी गल्ला सरकवला.
वच्छला काही बोलली नाही.
तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता प्रतिज्ञापत्र झालंय. सिव्हिल लाइन्सला,
खंडपीठासमोर, तारखेवर तारीख.
पूर्वी खोटं का बोललात, हे विचारणारच.
विचारू द्या. भंगाराची बिलं तेव्हाही नव्हती,
आताही नाहीत.

परवा मुलाकातीला गेलो, वर्धा रोडला.
जाळीपलीकडे तो म्हातारा झालेला, माझ्याहून.
मी तोंड उघडायच्या आधीच म्हणाला,
"गादी बसवली काय?"
नाही, म्हटलं.
"बसवू नका. तशीच गळू द्या.
कोर्टात वाजवून दाखवा लागते कदाचित."
मग हसला. पुढचे दोन दात नाहीत.
क्लॅरिनेट ज्या दातांवर टेकते, तेच.

तेव्हापासून नवी गादी कापून ठेवलीय,
काडेपेटीत. सरसही आणलाय.
रोज संध्याकाळी पंचा सोडतो,
चावीवर बोट ठेवतो, दाबत नाही,
पुन्हा गुंडाळतो.